चिखलीवरून जाणारं विमान उतरतं कुठे?

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. भूगोलाच्या पुस्तकातला चालेल, वर्गातल्या भिंतीवरचा चालेल. आता पट्टी ठेवा आणि मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारा. (भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीनंच मारा हं, गुरुजींनी विचारलं तर माझं नाव सांगू नका!) रेघ कुठून गेली? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून, चिखलीच्या जरा खालच्या अंगानं. आणि गंमत म्हणजे चिखली त्या रेघेच्या जवळजवळ मधोमध येते.

आपल्या चिखलीला अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी तुमच्या आजोबांच्याही आधीपासूनची आहे. पण आकाशातली वाट मात्र आपल्या डोक्यावरून कधीचीच सुरू आहे. अंगणात खेळणारं एखादं पोर अजूनही "इमान, इमान!" म्हणून ओरडतं आणि बाकीची सगळी माना वर करतात. अर्थात विमानं काही पट्टीनं आखलेल्या रेघेवरूनच जात नाहीत. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, वादळी ढग टाळावे लागतात, त्यामुळे ती थोडी इकडून, थोडी तिकडून जातात.

पुढच्या वेळी विमानाचा आवाज आला की एक प्रयोग करा. आवाज जिथून येतोय तिथे बघा. विमान तिथे नसतं! ते बरंच पुढे गेलेलं असतं. कारण विमान असतं दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आणि आवाजाला तेवढं अंतर खाली यायला साधारण अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या वेळात विमान सहा-सात किलोमीटर पुढे सटकतं. म्हणजे तुम्ही ऐकताय तो आवाज अर्ध्या मिनिटापूर्वीचा, शिळा. आणि मागे उमटणारी ती पांढरी रेघ? तिला सगळे धूर म्हणतात, पण तो धूर नव्हे. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्या उंचीवर थंडी असते शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास. वाफ बाहेर पडता पडता गोठते आणि तिचे बारीक हिमकण होतात. म्हणजे ती रेघ हा एक लांबलचक ढगच!

आता खरा प्रश्न. मुंबईकडे चाललेलं हे विमान उतरतं कुठे?

परवापरवापर्यंत याचं उत्तर एकच होतं: मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. आता उत्तरं दोन आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरूनही विमानं ये-जा करू लागली आहेत. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ, उलव्याला आहे.

मुंबईत एक विमानतळ होता, मग दुसरा कशाला? तुम्ही म्हणाल, गर्दी झाली असेल. बरोबर, पण गर्दी म्हणजे किती ते ऐका. जुन्या विमानतळावरून वर्षाला पाच कोटींहून जास्त माणसं जातात-येतात. दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. वहीत भागाकार करून बघा: दिवसाची मिनिटं १४४०, त्यांना ९०० नं भागा. साधारण दीड मिनिटाला एक विमान!

तिथे धावपट्ट्या दोन आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या. एकीवरून विमान धावत असताना दुसरीवर उतरवलं तर? नकोच तो विचार. म्हणून एका वेळी एकच वापरायची. म्हणजे नावाला दोन, कामाला एक. बरं, जागा वाढवावी तर चारही बाजूंनी वस्ती, आणि मिठी नदी तर धावपट्टीच्या खालून वाहते. मग दूर नवी जागा शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नव्या ठिकाणी ती चूक टाळली आहे. पुरा आराखडा दोन धावपट्ट्यांचा आहे, आणि त्या छेदत नाहीत, समांतर आहेत. दोघींमध्ये १५५० मीटरचं अंतर. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की दोन धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकांची वाट न बघता विमानं उतरवायची असतील तर मध्ये निदान १०३५ मीटर अंतर हवं. इथे ते ऐसपैस आहे. सध्या एकच धावपट्टी तयार झाली आहे, दुसरी पुढे होईल.

आणि धावपट्टी केवढी? लांबी ३७०० मीटर, रुंदी ६० मीटर. आकडे वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही ना? लोणारला गेला असाल. आपल्या त्या जगप्रसिद्ध खड्ड्याच्या एका काठावर उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो सुमारे १८०० मीटरवर. असे दोन लोणार शेजारीशेजारी ठेवा, त्यावर धावपट्टी पसरा, तरी तिचं टोक थोडं बाहेर येईल. सगळा विमानतळ मिळून जागा लागली ११६० हेक्टर. आपल्या हिशेबात साधारण २८६० एकर. घरी शेती असेल तर बाबांना विचारा, आपली किती एकर आहे, आणि मग बघा त्यांच्या चेहऱ्याकडे.

एवढी लांब पट्टी लागते कशाला? साधं विमान तर तिच्या अर्ध्यातच हवेत उठतं. पण सगळी विमानं साधी नसतात. लांब देशाला निघालेलं मोठं विमान इंधन आणि माणसांसकट साडेतीनशे टनांपर्यंत भरतं. त्याला वर उचलते ती हवा, पंखांवरून जोरात वाहणारी हवा. आणि उन्हाळ्यात हवा तापली की विरळ होते, उचलायला कमी पडते. मग विमानाला आणखी वेग घ्यावा लागतो आणि वेग घ्यायला आणखी लांब पळावं लागतं. शिवाय पळता पळता वैमानिकाला काही बिघाड जाणवला, उड्डाण रद्द करावं लागलं, तर ब्रेक लावून थांबायलाही पुढे पट्टी शिल्लक हवी. लांबी ही अशी अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली असते.

आता एक कोडं. प्रत्येक धावपट्टीच्या दोन्ही टोकांना भलेमोठे पांढरे आकडे रंगवलेले असतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावर एका पट्टीच्या टोकांना ०९ आणि २७, दुसरीच्या टोकांना १४ आणि ३२. नागपूरलाही १४ आणि ३२. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला ०९ आणि २७. नव्या नवी मुंबईला ०८ आणि २६. प्रत्येक जोडीची वजाबाकी करा बरं. सगळीकडे अठरा! असं का?

होकायंत्र आठवा. उत्तर म्हणजे शून्य किंवा ३६०, पूर्व म्हणजे ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. पट्टीवर उभं राहून नाकासमोर बघायचं, होकायंत्रात किती अंश दिसतात ते जवळच्या दहाच्या पटीत घ्यायचं आणि शेवटचं शून्य उडवायचं. पूर्वेकडे तोंड केलं तर ९० चे ०९. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की तोंड पश्चिमेकडे, २७० चे २७. उलट फिरणं म्हणजे १८० अंश, म्हणून वजाबाकी अठरा. नवी मुंबईची पट्टी पूर्वेपासून किंचित उत्तरेकडे कललेली, म्हणून ०८. आणि तिथे समांतर दुसरी पट्टी झाली की दोघींनाही आकडा तोच येणार, मग एकीला डावी म्हणायचं, दुसरीला उजवी. पण पलीकडच्या टोकाकडून आलात तर डावी असेल ती उजवी होते! वैमानिक गोंधळत नाहीत, पण तुम्ही थोडे गोंधळलात ना? वहीत दोन समांतर रेघा काढून वही फिरवा, लगेच कळेल.

कुठल्या टोकानं उतरायचं हे ठरवतो वारा. विमानाला वारा समोरून हवा असतो. पतंग उडवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो, तेव्हा विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात.

उतरणं म्हणजे काय याचाही एक हिशेब आहे. विमान एकदम खाली येत नाही, तीन अंशांच्या हलक्या उतारानं येतं. तीन अंश म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर खाली. अकरा किलोमीटर उंचीवरून असं उतरायचं तर सुरुवात कुठून करावी लागेल? ११००० भागिले ५२. दोनशे किलोमीटरच्याही आधीपासून! चिखली ते मुंबई सरळ अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे आपल्यावरून जाताना विमान अजून पूर्ण उंचीवर असतं. उतरायला सुरुवात होते ती संभाजीनगर मागे टाकल्यावर.

रात्री, धुक्यात, पावसात वैमानिकाला कसं कळतं की उतार बरोबर तीन अंशांचा आहे? विमानात यंत्रं असतातच. पण धावपट्टीच्या शेजारी एक साधी आणि मला फार आवडणारी युक्ती असते: ओळीत चार दिवे. प्रत्येक दिव्याच्या पेटीतून वरच्या अंगाला पांढरा झोत निघतो आणि खालच्या अंगाला लाल. चारही पेट्या किंचित वेगवेगळ्या कोनात बसवलेल्या. विमान बरोबर उतारावर असेल तर वैमानिकाला दोन दिवे पांढरे दिसतात, दोन लाल. जरा वर गेलं की तिसराही पांढरा होतो. फार वर असेल तर चारही पांढरे. आणि खाली यायला लागलं की एकेक करून लाल होत जातात. चारही लाल दिसले म्हणजे धोका, फार खाली आलास बाबा, वर घे! दिव्यांना कुणी बटण दाबून रंग बदलायला लावत नाही. दिवे जागच्या जागी तसेच असतात, बदलते ती बघणाऱ्याची उंची. बाकी दिव्यांचीही भाषा ठरलेली: पट्टीच्या कडेला पांढरे, शेवटाला लाल, आणि विमान जिथून सावकाश चालत इमारतीकडे जातं त्या वाटेच्या कडेला निळे.

हा तीन अंशांचा उतार लक्षात ठेवा, कारण त्यातूनच नव्या विमानतळाची सगळ्यात अचाट गोष्ट निघते. तिथे डोंगर होता. उलव्याचा डोंगर, सुमारे नव्वद मीटर उंच, म्हणजे तीसमजली इमारतीएवढा. आता विचार करा, पट्टीपासून एक किलोमीटरवर विमान असतं फक्त ५२ मीटर उंच. मध्ये नव्वद मीटरचा डोंगर कसा चालेल? तो काढावा लागला. सुरुंग लावून, फोडून, खणून सपाट केला. आणि शेजारची जमीन? ती खाडीकाठची, दलदलीची, भरतीच्या पाण्याजवळची, विमानाचं ओझं सोसणारी नाही. मग डोंगराचा दगड त्या दलदलीत भरला. डोंगर गेला खाली, दलदल आली वर. उलवे नदी मध्ये येत होती, तिचा प्रवाहही वळवला.

आपल्याला फोटोत दिसते ती चकचकीत इमारत. कमळाच्या आकाराची, झाहा हदीद या बगदादमध्ये जन्मलेल्या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार बाईंच्या संस्थेनं आखलेली. बाई २०१६ मध्ये गेल्या, पण त्यांची संस्था काम करते आहे. इमारत देखणी आहे, वादच नाही. पण मला विचाराल तर विमानतळ म्हणजे इमारत नव्हे. काचेची इमारत कुठेही उभी राहते. खरं काम आहे ती सपाट, घट्ट, लांब जमीन तयार करणं.

आणि ती जमीन मोकळी नव्हती. तिथे दहा गावं होती: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशी. आगरी-कोळी माणसांची. भातशेती, खाडीतली मासेमारी, गावदेवीचं देऊळ, शाळा. तीन हजारांहून जास्त कुटुंबांनी घरं सोडली आणि दुसरीकडे नवी बांधली. नव्या वसाहतींपैकी एकीचं नाव आहे पुष्पकनगर! रामायणातलं विमान कुठे येऊन उतरलं बघा. आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली, जिगाव धरणाच्या कामात ज्यांची गावं उठली, त्यांच्यापैकी कुणी तुमच्या वर्गात असेल, तर पुनर्वसन म्हणजे काय ते त्याला विचारा. तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. भरपाईचे पैसे मिळतात, प्लॉट मिळतो. अंगणातलं चिंचेचं झाड मिळत नाही.

म्हणूनच या विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं यावर तिथल्या लोकांनी मोठं आंदोलन केलं. त्यांना नाव हवं होतं दि. बा. पाटील यांचं. नवी मुंबई वसवायला १९७० पासून सिडको ही सरकारी संस्था जमिनी घेऊ लागली, तेव्हा शेतकऱ्यांना योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. लढले. १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, ही योजना आली. दि. बां.चं नाव विमानतळाला द्यावं, असा ठराव आपल्या राज्याच्या विधिमंडळानं केला.

हे सगळं व्हायला वेळ किती लागला म्हणता? केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये. पर्यावरण खात्याची परवानगी २०१० मध्ये. तिवरांची झाडं, खाडी, पक्षी यांवरून पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. जवळच्या ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात, आणि पक्षी नि विमान समोरासमोर आले तर दोघांचंही भलं नाही. त्यामुळे पक्षी कुठून कुठे उडतात याचा अभ्यास मुंबईच्या १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे सोपवला गेला. पायाभरणी झाली १८ फेब्रुवारी २०१८ ला.

पट्टी तयार झाली तरी लगेच माणसं बसवून विमान उतरवत नाहीत. ११ ऑक्टोबर २०२४ ला पहिलं विमान टेकलं ते हवाई दलाचं, सी-२९५ जातीचं मालवाहू. त्यानंतर २९ डिसेंबर २०२४ ला इंडिगोचं प्रवासी जातीचं विमान उतरलं, पण प्रवाशांशिवाय, चाचणीसाठी. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. आणि २५ डिसेंबरला, नाताळच्या सकाळी, बंगळूरहून प्रवासी घेऊन आलेलं विमान उतरलं. दोन्ही बाजूंनी अग्निशमन बंबांनी पाण्याच्या कमानी केल्या आणि विमान त्यांच्या खालून गेलं. नव्या विमानतळावर पहिल्या विमानाचं स्वागत असंच करायची रीत आहे. म्हणजे जन्मल्या जन्मल्या आंघोळ!

पहिल्या टप्प्याला खर्च आला सुमारे १९,६५० कोटी रुपये. मालकी अदाणी समूहाची ७४ टक्के आणि सिडकोची २६ टक्के. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. दोन कोटी भागिले ३६५ म्हणजे दिवसाला जवळजवळ ५५ हजार. २०११ च्या जनगणनेत आपल्या चिखली शहराची लोकसंख्या होती ५८ हजारांच्या आसपास. म्हणजे पूर्ण क्षमतेनं चालला तर जवळपास अख्खी चिखली रोज तिथून ये-जा करेल. पुढे सगळे टप्पे झाले की वर्षाला नऊ कोटी!

आपल्याला जवळचा विमानतळ अर्थातच संभाजीनगरचा. देऊळगाव राजा, जालना करत गेलं की आलाच. पण घरातलं कुणी परदेशी निघालं, किंवा तुमचा दादा नोकरीला बंगळूरला निघाला, तर मुंबईहून विमान पकडायची वेळ येतेच. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून शेवटपर्यंत खुला झाला आहे, त्यामुळे मेहकर किंवा सिंदखेड राजाहून गाडी वर चढली की सरळ भिवंडीजवळ आमण्यापर्यंत जाते. आता घोटाळा होतो तो इथून पुढे. जुना विमानतळ अंधेरी-सांताक्रूझकडे, नवा पनवेलकडे. दोघांमध्ये सगळी मुंबई आणि एक खाडी. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर मुंबईच्या रहदारीत दुसरीकडे जाईपर्यंत विमान उडून गेलेलं असेल.

म्हणून एक काम तुमच्याकडे. घरातल्या कुणाचं मुंबईचं तिकीट आलं की ते हातात घ्या आणि त्यावरची तीन इंग्रजी अक्षरं वाचा. 'बीओएम' असेल तर जुना विमानतळ, 'एनएमआय' असेल तर नवा. मोठी माणसं हे बघायला विसरतात. तुम्ही विसरू नका.